मिरगाआधी माळा, मोरी आणि चिंचेची फांदी

बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या बाजूच्या एका ताईंनी विचारलंय. घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, कौलारू, मागं गोठा आणि गवतगंजी. माकडांनी दोन वर्षांत दोनदा कौलं फोडली. रात्री माळ्यावर "काय की नाचालंय". महिन्याभरात मोरीजवळ दोनदा साप दिसला. गेल्या दिवाळीआधी रताळ्याचं अर्धं वावर कुणीतरी उकरून ठेवलं. यजमानांनी बाजारातून उंदराची काळी पूड आणलीय, शेजारी म्हणतोय यंदा रताळ्याभोवती करंटची तार ओढा, आणि सासूबाई म्हणतात सापाला हात लावायचा नाही. यातलं काय करू आणि काय नको, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, आधी ती काळी पूड पोरांच्या आणि कोंबड्यांच्या हाताबाहेर ठेवा. ती बहुतेक झिंक फॉस्फाईड असणार. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्याला उतारा नाही. कुत्र्यालाही नाही, माणसालाही नाही. शेतातल्या बिळात माहीतगार माणूस ती घालतो, ते वेगळं. माळ्यावर आणि चुलीच्या आसपास तिचं काम नाही. सासूबाईंचं म्हणणं मात्र बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे, त्याकडे येतो.

मी सव्वीस वर्षं या कामात आहे. पहिली दहा शहापुरात एकाच्या हाताखाली औषध मारत होतो. पुढची सोळा साप सोडवतोय आणि औषधावाचून कसं भागतं ते सांगत फिरतोय. त्यावरून सांगतो, तुमची गाऱ्हाणी चार दिसतात पण त्यातली दोन एकच आहेत आणि तिसरं त्यांना चिकटलेलं आहे. गोठ्यात पेंड उघडी आहे म्हणून उंदीर-घुशी आहेत. उंदीर आहेत म्हणून मोरीजवळ साप येतोय. माकडांनी हलवलेल्या कौलांच्या फटीतून माळ्यावर तिसरंच कुणीतरी राहायला आलंय, असा माझा अंदाज आहे. रताळ्याचं प्रकरण तेवढं खरोखर वेगळं.

आता वळीव सुरू झालेत. मिरग सात जूनच्या आसपास निघतो. त्याआधी तुम्ही शाकारणीला माणूस बोलावणारच, कौलं परतणारच. तो वर चढलेला असताना जे होईल ते नंतर चौपट पैशातही होत नाही. म्हणून कामाचा क्रम सांगतो. क्रम चुकला तर काम फुकट जातं, आणि माझ्या हातून तो चुकलेला आहे.

माळ्यावर कोण आहे ते आधी कळू द्या. चुलीतली राख बारीक चाळून घ्या आणि संध्याकाळी वाशावर, भिंतीच्या माथ्यावर हातभर पट्ट्यात पसरा. सकाळी शिडी लावून बघा. उंदराचं पाऊल नखाएवढं असतं आणि मधून शेपटीची ओढलेली रेघ दिसते. मांजरासारखं पण पाच बोटांचं पाऊल दिसलं, तर ते उदमांजर. आपल्याकडं त्याला कांडेचोर म्हणतात, कन्नड माणूस पुनुगु बेक्कु म्हणेल. मांजराची चारच बोटं उमटतात, नखं दिसत नाहीत. दुसरी खूण वासाची. कांडेचोर राहतो त्या माळ्याखाली कधीकधी शिजत्या बासमतीसारखा किंवा केवड्यासारखा वास येतो. या वासापायी मला कितीतरी वेळा "घरात नाग आहे, केवडा घमघमतोय" म्हणून बोलावणं आलंय, आणि वर बघितलं तर वाशाला धरून दोन डोळे चमकतायत.

कांडेचोर असला तर घाबरायचं कारण नाही. तो फळं खातो, उंदीर खातो, दिवसा झोपतो. त्रास आवाजाचा आणि घाणीचा. त्याला बाहेर काढायला पिंजरा लागत नाही. माळ्यावर दिवसा दिवा आणि रेडिओ चालू ठेवा, तिथली जुनी गोधडी-पोती काढून टाका. मग तो ये-जा करतो त्या भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबा. सलग तीन रात्री बोळा हलला नाही, राखही स्वच्छ राहिली, तर घर रिकामं झालं. मगच ते भोक बंद करा. हे तीन रात्रींचं मी अनगोळच्या एका घरात पाळलं नव्हतं. दुपारी भोक दिसलं, सिमेंट मारलं, पैसे घेऊन घरी आलो. आई बाहेर होती आणि पिल्लं आत. रात्रीत तिनं कौलं उचकटून पाडली, खाली पाळण्यात तान्हं मूल झोपलेलं होतं. मुलाला काही झालं नाही. त्या घरची आजी मला काही बोलली नाही, फक्त फुटकी कौलं अंगणात ओळीनं मांडून ठेवली होती, मी येईन तेव्हा दिसतील अशी. तेव्हापासून मी दिवसा भोक बुजवत नाही.

माळ्यावर उंदीरच असले, तर क्रम उलटा. आधी खाणं तोडायचं, मग पिंजरा, शेवटी भोकं. भोकं आधी बुजवली की आतले उंदीर आतच मरतात किंवा लाकूड कुरतडून नवी वाट करतात. पेंड, भुसा, कोंबडीचं खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जायला हवं. पोत्याला उंदीर विचारतसुद्धा नाही. तांदळाचं पोतं भिंतीपासून वीतभर सरकवा आणि खाली फळी द्या, म्हणजे मागून काय चाललंय ते दिसेल. गोठ्यात रात्री उरलेली आंबोण काढून टाकायची सवय लावा. आठवडाभर हे केलं तर पिंजऱ्यातल्या भज्याला किंमत येते.

पिंजऱ्याबद्दल लोक हमखास सांगतात, "एक सापडला, मग पडतच नाहीत." उंदीर नव्या वस्तूला भितो. पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्याचं दार तारेनं उघडंच बांधून ठेवा आणि आत रोज भाजलेलं खोबरं किंवा सुकट ठेवा. येऊन खाऊन जाऊ दे त्यांना. चौथ्या रात्री दार सैल करा. पिंजरा खोलीच्या मध्ये नको, भिंतीला लागून ठेवा, कारण तो भिंतीच्या कडेनंच चालतो. भिंतीवर तेलकट काळा पट्टा दिसतो ना, तो त्याचा रस्ता. परसात मातीचा ढीग बाहेर टाकलेलं मोठं बीळ असेल तर ती घूस. तिला लहान पिंजरा पुरत नाही, मोठा लागतो.

चिकट पुठ्ठा आणू नका. त्यावर उंदरापेक्षा पाली, चिमण्या आणि साप जास्त अडकतात, आणि अडकलेला साप सोडवायला मलाच यावं लागतं. (सोडवतो खायच्या तेलानं. पाणी मारून काही होत नाही, हे आधीच कुणी अडकवून बसला असाल तर उपयोगी पडेल.) वड्यांच्या स्वरूपात मिळणारं रक्त पातळ करणारं औषधही शक्यतो नको. उंदीर चार-पाच दिवसांनी भिंतीत कुठंतरी मरतो, मग पंधरवडाभर वास. आणि तो मरायच्या आधी सुस्तावलेला असताना घुबडानं उचलला, तर घुबडही जातं. गव्हाणी घुबड आहे का तुमच्या गंजीजवळ? असलं तर त्याला हुसकू नका. तुमच्या बाजूनं रात्रपाळी करणारा एवढा स्वस्त गडी दुसरा नाही.

मग भोकं. करंगळीएवढ्या फटीतून उंदराचं पिल्लू सहज येतं, म्हणून जाळी सहा मिलिमीटरची, लोखंडी, जस्त चढवलेली घ्या. प्लॅस्टिकची जाळी कुरतडली जाते. मोरीच्या बाहेरच्या तोंडाला, माळ्याच्या झरोक्याला, कौलाखालच्या पाखाडीला ती बसवा. भिंतीच्या बुडातली भोकं भांडी घासायच्या तारेचा बोळा कोंबून वर सिमेंटमध्ये काचेचा चुरा मिसळून बुजवा. आपले जुने गवंडी हे करायचे, हल्लीचे फक्त पुट्टी मारतात.

आता साप. मोरीजवळ येतो, म्हणजे ओल आणि उंदीर किंवा बेडूक. तुम्ही वर्णन केलंय, पिवळसर, लांबच लांब, चपळ, बघितल्यावर पळाला. ही धामण असण्याची शक्यता जास्त. कानडीत केरे हावु. ती विषारी नाही. म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असं सांगतात, ते खोटं आहे. सापाला दूध ओढून प्यायला तसं तोंडच नसतं. गोठ्यात ती येते उंदरासाठी. सासूबाई म्हणतात तसं हात लावू नका, पण देव म्हणून नव्हे, तर तुम्हाला खात्रीनं ओळखता येत नाही म्हणून. मी इतकी वर्षं करतोय तरी कवड्या आणि मण्यार यांच्यात अंधारात दोनदा बघतो.

आपल्या भागात जीव घेणारे चार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कन्नड गावात घोणसीला कोळकुमंडल म्हणतात, दवाखान्यात तेच नाव ऐकू येईल, म्हणून लक्षात ठेवा. यातल्या मण्यारीची भीती मला सर्वात जास्त वाटते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखतसुद्धा नाही फारसं, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि घरचे म्हणतात रात्री कायतरी वाईट खाल्लं असेल. पावसाळ्यात खाली अंथरूण घालू नका. घालावंच लागलं तर मच्छरदाणीची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचा. डासांसाठी आणलेली मच्छरदाणी मण्यारीसाठीही चालते, एवढं स्वस्त संरक्षण दुसरं नाही. घोणस मे ते जुलैच्या सुमारास पिल्लं घालते, नागाची अंडी पावसाच्या तोंडावर फुटतात, म्हणून जूनमध्ये वीतभर लांबीचे साप दिसतात. लहान म्हणून चप्पल मारायला जाऊ नका, विष त्यालाही आहे.

डांबरगोळ्या, फिनेल, कार्बोलिक, लसणाचं पाणी यांनी साप येत नाहीत, असं दुकानदार सांगतो. मी फिनेल ओतलेल्या मोरीतून नाग काढलेला आहे. उपाय करायचाच तर गंजी घरापासून वीस-पंचवीस पावलं लांब न्या, जळाऊ लाकडं जमिनीपासून फूटभर उंच फळीवर रचा, मोरीला जाळी लावा, आणि रात्री परसात जाताना बॅटरी घ्या. साप घरात शिरलाच तर एका माणसानं लांबून त्याच्यावर नजर ठेवायची, बाकीच्यांनी पोरं-कुत्री बाहेर काढायची, आणि जवळच्या सर्पमित्राला किंवा फॉरेस्टवाल्यांना फोन. नजर सुटली की आम्हाला येऊन अख्खं घर उपसावं लागतं.

चावलाच, तर आवळपट्टी बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. चावलेला हात-पाय लाकडाच्या पट्टीनं जखडून हलू न देता, माणसाला चालायला न लावता, १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. बेळगावात सिव्हिल जवळ आहे. चावल्याची वेळ कागदावर लिहा. तिथं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतंय का बघतात, घोणस-फुरशाच्या विषानं ते गोठत नाही. साप मारून पिशवीत आणायची गरज नाही, प्रतिविष चारही सापांना एकच असतं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या रानात मात्र चापडा आणि नाकाडा चापडा हे वेगळे विषारी सापही आढळतात, त्यांना हे प्रतिविष नीट लागू पडत नाही. लांबून मोबाईलमध्ये फोटो मिळाला तर डॉक्टरांना तेवढंच सोयीचं. आपल्या कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं दवाखान्यांना बंधनकारक झालंय.

माकडांचं मी मुद्दाम शेवटाकडं ठेवलं, कारण तिथं मी तुम्हाला पूर्ण सुटका देऊ शकत नाही. तुम्ही लिहिलंय ती लालसर तोंडाची, डोक्यावर केसांची टोपी असलेली माकडं. काळतोंडी वानरं वेगळी, ती जास्त पाला खातात आणि कौलांवर उड्या मारून जातात. ही माकडं हुशार आहेत. रबरी साप तीन-चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी त्याच्याच शेजारी बसून पेरू खातात. गलोल चालते, पण हात कुणाचा आहे तेही ती ओळखतात; बायकांना आणि पोरांना भीत नाहीत. पकडून लांब सोडा म्हणून लोक मागं लागतात. असं सोडलेलं टोळकं दुसऱ्या गावाच्या कौलांवर जातं, मागं मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचं टोळकं येतं. शिवाय वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, सापळा लावून धरणं, विष घालणं हेही शिकारीतच. साप, माकड, कांडेचोर, साळिंदर, रानडुक्कर, सगळ्यांना तो लागू आहे. घरातला उंदीर त्यात धरू नका.

मग काय? चिंचेची फांदी. तुमच्या फोटोत चिंचेची एक फांदी थेट कौलावर टेकलीय. छतापासून दहा-बारा फुटांच्या आतलं सगळं छाटा, पण आधी घरटं नाही ना ते बघा. कौलं परतताना वरच्या दोन ओळी आणि कडेची ओळ तारेनं वाशाला बांधून घ्या. खानापूरची जुनी कौलं जड असतात, ती बांधली तर माकडाला हलत नाहीत. नव्या हलक्या कौलांना हे फार गरजेचं. पेरू-पपईला जाळीच्या पिशव्या घाला. आणि मुख्य म्हणजे, गल्लीतलं कुणी शनिवारी मारुतीच्या नावानं माकडांना केळी, शेंगा घालत असेल तर त्यांच्याशी बोला. तुम्ही एकट्यांनी पेरू झाकून उपयोग नाही. बोलताना माकडाचा विषय काढू नका, कौलाच्या खर्चाचा काढा, कुणालाही पटतो. माकड समोर आलं तर डोळ्याला डोळा लावू नका, हसू नका. दात दिसणं म्हणजे त्यांच्यात धमकी. हातात पिशवी असेल तर टाकून द्या. चावलं, ओरबाडलं तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. मुंगसाच्या चाव्यालाही हेच.

आणखी एक गोष्ट, या पट्ट्यात ती सांगितलीच पाहिजे. परसात किंवा काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, काठीनंही ढकलू नका. माकडताप, कानडीत मंगन कायिले. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला, पुढं तो गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत आला, म्हणजे आपल्या शेजारीच. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि माणसाला धरतात. डिसेंबरपासून पावसापर्यंतचा काळ धोक्याचा. ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला कळवा. रानात जाऊन आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" एवढं सांगायला विसरू नका.

रताळ्याकडं येऊ. वावर नांगरल्यासारखं उलटं झालं असेल आणि खुरांचे ठसे असतील तर रानडुक्कर. ठिकठिकाणी नीट खड्डे, रताळी दातांनी सोललेली आणि कुठं काळ्या-पांढऱ्या काट्याचा तुकडा असेल तर साळिंदर. दोन्हीला करंटची तार हे उत्तर नाही. घरच्या लाईनीतून ओढलेल्या तारेत सतत प्रवाह असतो, तिला चिकटलेला सुटत नाही. डुक्कर मरायच्या आधी पहाटे पाणी सोडायला आलेला तुमचाच माणूस मरतो. अशा वेळी गुन्हा तार लावणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या यजमानांवर, सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यावर नाही. सौरकुंपणाचं तसं नाही. त्यात धक्का क्षणभराचा, सेकंदाला एकदा, जोरदार पण मारणारा नाही. खर्च जास्त आहे, म्हणून चार-पाच जणांच्या वावराला मिळून एकच लावा. तार जमिनीपासून वीतभरावर पहिली हवी, नाहीतर डुक्कर खालून नाक घालतं, आणि तारेखालचं गवत दर आठवड्याला कापायला हवं. न्हाव्याकडचे केस, जुन्या साड्यांचे पट्टे, हे मी करतो आणि सांगतोही, पण पंधरा दिवसांवर त्यांच्यावर विश्वास नको. नुकसान झालं की उकरलेल्या वावराचा त्याच दिवशी फोटो, जमिनीचा उतारा आणि अर्ज घेऊन रेंजर ऑफिसला जा. भरपाईची नोंद वनखात्याच्या ई-परिहार या ऑनलाइन यंत्रणेत होते. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलात तर फेरी वाचते, पोराच्या शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घ्या.

बिबट्याचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या जाधवनगरात बिबट्या दिसला, मग गोल्फ मैदानाच्या बाजूला, शाळा बंद ठेवल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती कॅम्पातून हत्ती आणले, आठवडे गेले आणि तो हाती लागला नाही. तुमच्या घराशी त्याचा संबंध एवढाच की तो कुत्र्यामागं येतो. रात्री कुत्रं आणि वासरं आत बांधा, कोंबडीची आतडी परसात टाकू नका.

तर या रविवारी राख पसरा. सोमवारी सकाळी उजेड पडल्यावर पावलांचा फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे माप कळेल. तो मला पाठवा. तोवर शाकारणीच्या माणसाला फक्त ॲडव्हान्स द्या, वर चढवू नका.